सात किलोत लिस्बन-बार्सिलोना: केबिन बॅग, सासूबाई आणि सुकी सुंगटं

पर्वरीची_पाऊसवेडी

जुलैत आम्ही तिघं निघालोय. मी, नवरा आणि सासूबाई. आधी लिस्बन, मग बार्सिलोना, परत मुंबईमार्गे गोव्यातलं मोपा विमानतळ. व्हिसा हातात आलाय, तिकिटं झाली, राहायचंही ठरलं. लिस्बनची खोली आल्फामा या तिथल्या जुन्या वस्तीत मिळालीय. फोटोत खिडकीतून नदी दिसते आणि पत्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ते वाचल्यापासून नवऱ्याने फतवा काढलाय: माणशी एक केबिन बॅग, सात किलो, बेल्टवर काही टाकायचं नाही.

तत्त्वतः मला मान्य आहे. प्रत्यक्षात पलंगावर कपड्यांचा ढीग पडलाय. माझेच नऊ-दहा जोड, कारण समुद्रावर जायचं म्हणजे भिजणं आलं, आणि भिजलेलं वाळणार कधी? सासूबाईंच्या पाच साड्या, त्यांतल्या दोन 'लागल्या तर असू देत' म्हणून. त्यांची भाची लिस्बनजवळ राहते, तिने सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, मागितलीयत. वर सनस्क्रीनची बाटली २०० मिलीची.

इंग्रजी याद्या वाचून झाल्या. सगळ्यांत एक लिननची पँट, एक टोपी आणि बाकी नुसता उत्साह. आपल्यासारख्या घरातल्या माणसांना घेऊन हे कसं जमवायचं ते सांगा.

खारा_वारा

ताई, तुमचा ढीग झालाय तो पर्वरीच्या गॅलरीमुळे.

आपण जूनपासून गणेशचवथीपर्यंत कपडा वाळायला दोन-तीन दिवस धरतो. दोरी घरात, खाली पंखा, तरी जीन्सच्या खिशाला कुबट वास येतोच. त्या हिशेबाने बॅग भरली की दहा जोड होणारच. लिस्बनही समुद्रकाठचंच शहर, म्हणून हवा आपल्यासारखीच असेल असं वाटतं. तसं नाही. तिथे जुलैत पाऊस जवळपास नसतोच. दिवसा २८-२९ अंश, रात्री १८ च्या आसपास, हवा कोरडी, आणि दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटतो. रात्री धुतलेला पातळ सुती शर्ट सकाळी अंगात घालता येतो. बार्सिलोना जरा दमट आहे, तिथे जाड कपडा एखाद वेळेस दुपारपर्यंत ओलसर राहील, पण आपल्या जुलैची सर नाही.

म्हणून जोड मोजू नका, धुण्याच्या फेऱ्या मोजा. वरचे चार, खालचे दोन, एक जोड अंगावर. पोहण्याचे मात्र दोन न्या, कारण ओला पोशाख पुन्हा अंगात चढवण्यासारखी शिक्षा नाही. जीन्स नको. जड असते आणि वाळायला सर्वांत हट्टी.

धुण्याची एक पद्धत सांगतो. शर्ट पिळून झाला की खोलीतल्या कोरड्या टॉवेलवर सपाट पसरायचा. टॉवेलसकट घट्ट वळकटी करायची आणि तिच्यावर गुडघा टेकून अंगाचा भार द्यायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टॉवेल जड होतो, शर्ट हलका. मग दोरीवर. पातळ नायलॉनची दोरी, पाच-सहा चिमटे आणि साबणाच्या वडीचा अर्धा तुकडा, एवढ्या ऐवजावर तुमचे पाच जोड कमी होतात.

मडगांव_डाउन_लोकल

मला या केबिन बॅगवाल्यांचं कौतुकच कळत नाही. मुंबईहून आखातमार्गे जाणाऱ्या तिकिटात बहुतेक वेळा चेक-इनचं सामान धरलेलंच असतं. पैसे मोजून झालेत. मग ती मुभा सोडून रोज रात्री न्हाणीघरात शर्ट कुटत बसायचं? सुट्टीवर चाललात की छावणीला? आणि सोबत वयस्क बाई. त्यांचं पातळ, शाल, औषधं, गरम पाण्याची पिशवी. सात किलोत बसवायचं म्हणजे त्यांच्यावर अन्याय.

बॅग हरवते म्हणाल तर कधीतरी हरवतेही. म्हणून काय जेवताना घास अडकतो म्हणून जेवण सोडायचं?

खारा_वारा

लोकल, शर्ट कुटायचा नाही, वळकटी करायची. नीट वाचा की :)

चाळीस_बाय_तीस

लोकलरावांचा मुद्दा मुंबई-लिस्बनपर्यंत बरोबर आहे. पाऊसवेडी, लिस्बन-बार्सिलोना कशाने जाताय?

पर्वरीची_पाऊसवेडी

विमानानेच. स्वस्तातलं मिळालं. त्यावर 'एक छोटी बॅग' असं काहीतरी लिहिलंय. केबिन बॅगच ना ती?

चाळीस_बाय_तीस

नाही! धाग्यातली सर्वांत महागडी ओळ हीच आहे.

लांबच्या विमानात केबिन बॅग म्हणजे साधारण ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटरची, वर कप्प्यात जाणारी. युरोपात आतल्या आत उडणाऱ्या स्वस्त कंपन्यांत 'छोटी बॅग' म्हणजे समोरच्या सीटखाली सरकवायची पिशवी. रायनएअर, वूएलिंग, विझएअर यांची फुकट मर्यादा ४० बाय ३० बाय २०. इझीजेटची थोडी मोठी, ४५ बाय ३६ बाय २०. हे आकडे बदलतात, रायनएअरने २०२५ मध्येच वाढवलाय, तेव्हा आपल्या तिकिटावर काय छापलंय ते निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. गंमत अशी की तिथे मापाला महत्त्व जास्त, आणि आपल्याकडून निघताना वजनाला. इकॉनॉमीला इथे बहुधा ७ किलोच धरतात आणि काउंटरवर काट्यावर ठेवायला सांगतात. म्हणजे दोन्ही चाळण्यांतून गेलेलं सामान हवं.

गेटजवळ लोखंडी चौकट ठेवलेली असते. बॅग त्यात गेली नाही की तिथल्या तिथे पैसे, आणि गेटवरचा दर घरून भरलेल्या दरापेक्षा बराच चढा. चाकं आणि हँडलही मापात धरतात, दुकानदार 'केबिन साइझ' म्हणतो तेव्हा ती बहुतेक वेळा सोडून मोजलेली असतात.

तुमच्यापुढे दोनच वाटा. एक तर आजच त्या एका प्रवासासाठी मोठ्या केबिन बॅगेचे पैसे ऑनलाइन भरून टाका. किंवा तिघांच्या तीन मऊ पाठपिशव्या घ्या, ज्या पूर्ण भरल्या नाहीत तर ४०-३०-२० मध्ये दबतात. मी सासूबाईंच्या एकट्यांच्या बॅगेचे पैसे भरीन आणि दोघं पाठपिशवीवर जाईन. तिघांनी शूरपणा करायची गरज नाही.

मडगांव_डाउन_लोकल

बघा, शेवटी पैसे भरलेच ना? मग मोठीच बॅग भरा.

लिस्बनात_सध्या

मूळ सांगेचा, सध्या लिस्बनच्या उपनगरात. उशिरा आलो, ड्युटीवर होतो.

चाकांच्या बॅगेबद्दल. इथले फूटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या मुठीएवढ्या चौकोनी तुकड्यांचे आहेत. चालून चालून वरून गुळगुळीत झालेले, मधल्या फटी मात्र तशाच. चाक फटीत अडकतं, बॅग कलंडते, माणूस मागे वळून तिच्याकडे रागाने बघतो. रोज सकाळी माझ्या खिडकीखाली हा खेळ चालतो, कडकडकड आवाज आला की समजायचं पाहुणे आले. आणि आल्फामा म्हणजे गल्ल्या कमी, पायऱ्या जास्त. टॅक्सी खाली कुठेतरी सोडणार, पुढे चढण. पाठपिशवीच घ्या. वजनाचाही हिशेब तोच: रिकामी ट्रॉली अडीच-तीन किलो, रिकामी पाठपिशवी एक-सव्वा. सातातले दोन किलो चाकांना कशाला द्यायचे?

चपला-बूट. पणजीच्या फोंतेन्यशमध्ये फिरता तशा सपाट रबरी चपला इथे घसरतात, थोडा पाऊस झाला तर विचारू नका. चांगल्या पकडीचे बूट पायात, आणि पट्ट्याची सँडल बॅगेत. दोनच जोड. तिसरा आणणारा माणूस तो घालत नाही.

आता समुद्र. लिस्बन शहराला स्वतःचा किनारा नाही, समोर तेजू नदीचं मुख आहे. काईस दो सोद्रे स्टेशनवरून काश्काइशची लोकल धरायची, वाटेत कार्काव्हेलूशला मोठी पुळण लागते. पाणी अटलांटिकचं. जुलैतही १८ अंशांच्या आसपास. कोलव्याच्या कोमट पाण्याची सवय असलेला माणूस घोटाभर आत जातो, 'आयं' म्हणतो आणि बाहेर येतो. मग वाळूत बसतो आणि वारा गार म्हणून ऊन जाणवत नाही. संध्याकाळी खांदे लाल. सनस्क्रीनची गरज पोहणाऱ्यापेक्षा बसणाऱ्याला जास्त. बार्सिलोनाचं पाणी भूमध्य समुद्राचं, त्या दिवसांत २४ अंशांच्या आसपास. खरं पोहणं तिथे कराल.

आणि एक पातळ जॅकेट हवंच. सूर्य नऊला मावळतो, नदीकाठी बसून राहावंसं वाटतं, आणि तेवढ्यात वारा कानात शिरतो. जुलैत युरोप म्हणजे उकाडा असं समजून आलेले माझे सगळे पाहुणे माझंच स्वेटर घालून फिरलेत.

सुंगटांचं नंतर लिहितो, बायको जेवायला बोलावतेय.

म्हापशाची_शुक्रवारवाली

साड्यांबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी लिहिते. माझं वय पासष्टच्या पुढे, साडीतच युरोप फिरलेय, त्यामुळे 'आईंना पंजाबी ड्रेस घालायला सांगा' असला सल्ला कुणी देऊ नये. ज्यांना साडीत मोकळं वाटतं त्यांनी साडीतच जावं.

पण पाच नकोत. काट्यावर टाकून बघ ग पाऊसवेडी. काठाची रेशमी साडी ब्लाउज-परकरासकट पाऊण-एक किलोला जाते. मऊ सुती किंवा जॉर्जेट त्याच्या निम्म्याने. तीन साड्या, एक अंगावर आणि दोन बॅगेत, तिन्हींना चालेल असा एकच रंग धरून दोन परकर, तीन ब्लाउज. जॉर्जेट धुऊन टाकली की दोन-तीन तासांत वाळते, इस्त्री नको. 'लागली तर' म्हणून नेलेली साडी कधी लागत नाही, हे सासूबाईंना तू सांगू नकोस, नवऱ्याला सांगू दे.

साडी घोट्यापेक्षा दोन बोटं वर नेसायची आणि खाली बूट. सुरुवातीला कसंतरी वाटतं. त्या दगडांवरून दोन चढ चढले की वाटत नाही. समुद्रावर बसायला वेगळा पंचा, चादर काही नको, जुनं सुती पातळ अर्धं फाडून न्या. अंगाखाली घ्या, डोक्यावर घ्या, विमानात पांघरा. झटकलं की वाळू जाते, टॉवेलला ती चिकटून बसते.

चर्चमध्ये खांदे झाकलेले लागतात, जुन्या गोव्याला पाटी असते तसंच. बार्सिलोनाच्या साग्रादा फमिलियातही हाच नियम, सुनेच्या पर्समध्ये एक ओढणी असू दे.

औषधं कितीही वजनाची झाली तरी जवळच्या पर्समध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. इतर कुठेही नाही.

चाळीस_बाय_तीस

ओढणीवरून आठवलं. बार्सिलोनात किनारा सोडून शहरात पोहण्याच्या कपड्यांत किंवा उघड्या अंगाने फिरायला २०११ पासून बंदी आहे, दंड होतो. पोर्तुगालच्या आल्बुफेरा गावानेही २०२५ मध्ये असा नियम केला. आपल्याकडे कळंगुटला पाहुणे ज्या अवतारात बाजारात हिंडतात ते बघून 'युरोपात असंच चालतं' असा आपला समज झालेला असतो. तेव्हा पोहण्याच्या पोशाखावर चढवायला एक सैल शर्ट धरा. तोच दुसऱ्या दिवशी जेवायला बाहेर जाताना चालतो.

रांगेत_पुढचा

द्रवपदार्थांचं मी सांगतो, कारण माझ्यापुढे कायम कुणीतरी बाटल्या काढत उभं असतं.

१०० मिलीच्या वरची बाटली नको. आत किती उरलंय याला अर्थ नाही, बाटलीवर काय छापलंय त्याला आहे. म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत तळाला राहिलेलं सनस्क्रीनसुद्धा कचऱ्यात. सगळ्या छोट्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. युरोपातल्या काही विमानतळांवर नवे स्कॅनर आले आणि २०२५ पासून तिथे मोठ्या बाटल्यांना मुभा मिळायला लागली, पण त्यावर विसंबू नका. तुम्ही मुंबईत आणि मध्ये विमान बदलताना असे अनेक वेळा तपासले जाणार. सर्वांत कडक जागेचा नियम धरून चला.

खोबरेल. थंडीत गोठतं म्हणून ते घन होत नाही, तपासणाऱ्याच्या लेखी ते तेलच. लोणचं, चटणी, टूथपेस्ट, जेल हेही त्यातच. साबण वडीचा, शाम्पूही वडीचा मिळतो, पावडरची डबी छोटी. सनस्क्रीन ५० मिलीचं न्या, पुढचं तिथे कुठल्याही सुपरमार्केटात किंवा औषधाच्या दुकानात घ्या. समुद्रकाठचं शहर आहे, सनस्क्रीनचं कपाट दारातच असतं.

पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायची, १०० वॉट-अवरच्या आत, म्हणजे ढोबळमानाने २७००० एमएएचपर्यंत. विमान भरलेलं असलं की कधी कधी गेटवर केबिन बॅगाही काढून खाली पोटात टाकतात. तेव्हा पॉवर बँक, औषधं, पासपोर्ट आणि सासूबाईंचा चष्मा पटकन बाहेर काढता येईल अशा एका छोट्या पिशवीत एकत्र असू दे. त्या वेळी गेटवर बॅग उपसत बसायला कुणी वेळ देत नाही.

चार्जर: आपला दोन गोल पिनांचा सरळ बसतो, व्होल्टेजही तेच. तीन पिनांचा बसत नाही.

साखळीवाला

वजन कुठे करता? घरचा बाथरूमचा काटा किलोभर इकडेतिकडे दाखवतो.

रांगेत_पुढचा

हुकचा काटा घ्या, मासळीबाजारात असतो तसला, डिजिटल. बॅगेचा पट्टा हुकात, काटा दोन्ही हातांनी छातीपर्यंत वर, आकडा थांबला की वाचायचा. साडेसहावर थांबा. पाण्याची रिकामी बाटली, मधेच घेतलेलं बिस्किट, कागदपत्रं, अर्धा किलो आपोआप चढतो.

लिस्बनात_सध्या

जेवून आलो. सुंगटं.

बाहेरून येणाऱ्या माणसाला युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे चोरीस (गोव्याचं मांसाचं सॉसेज) नाही, तूप नाही, पेढे नाहीत, भाचीने कितीही गळ घातली तरी. पण मासळीचा नियम वेगळा. स्वतःच्या वापरासाठी सुकी, खारवलेली, शिजवलेली मासळी २० किलोपर्यंत चालते. वीस! तुमच्या सात किलोच्या बॅगेत सबंध सुंगटंच भरून आणलीत तरी कायद्याला काही नाही.

फळांत तर आणखी गंमत. केळी, नारळ, अननस, खजूर यांना प्रमाणपत्र लागत नाही, आंब्याला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे मोयऱ्याची केळी येऊ शकतात आणि मानकुराद आंबा नाही. जुलैत तो कुठला म्हणा. सुकं खोबरं मात्र ठेवूच नका, तेलामुळे पेट घेणारं म्हणून विमानात त्याला हरकत असते. किसमूरीला (सुक्या सुंगटांच्या खोबरं घातलेल्या कोशिंबिरीला) नारळ इथे लिस्बनच्या मार्तीं मोनीझ चौकाच्या आसपासच्या दुकानांत मिळतो, हळद-मिरची-पोहेही मिळतात. मसाल्याच्या पुड्या कुणी आणू नका.

कायदा झाला, आता वासाचं. सुंगटं तव्यावर कोरडी भाजून पूर्ण थंड करा, डोकी-शेपट्या आधीच काढा, वजनही निम्म्यावर येतं. मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नाही, हवा काढून सील केलेल्या पाकिटात. पणजीत सुकामेवा विकणारे असं सील करून देतात. त्याच्यावर दुसरी झिपची पिशवी. पाव किलोच्या वर नको. अधिकाऱ्याने विचारलं तर सरळ 'सुकी कोळंबी' म्हणून दाखवा, लपवू नका.

मडगांव_डाउन_लोकल

बॅगेला वास लागला की वापस येईपर्यंत जाणार नाही. सांगून ठेवतो.

म्हापशाची_शुक्रवारवाली

लोकल, तुम्ही कुठल्या गोव्याचे हो? सुक्या नुस्त्याच्या वासाला घाबरता.

साखळीवाला

आणि परत येताना? पोर्ट वाइन, ऑलिव्ह तेल, तेलातल्या सार्डिनचे डबे, हे सगळं १०० मिलीत कसं बसवणार?

चाळीस_बाय_तीस

नाही बसत. बाटली हवीच असेल तर शेवटच्या विमानतळावर, तपासणी झाल्यावरच्या दुकानात घ्या, ते सील केलेल्या पिशवीत पावतीसकट देतात. घरी पोचेपर्यंत सील फोडायचं नाही, मध्ये विमान बदलताना पुन्हा तपासतात. सार्डिनचे डबे तेलातले असल्याने अडवले जाऊ शकतात, मी धोका पत्करणार नाही.

भेटवस्तूंना बुचाच्या वस्तू घ्या. पोर्तुगाल बुचाच्या उत्पादनात जगात पहिला, त्याची पाकिटं, पर्स, चष्म्याच्या पिशव्या मिळतात आणि वजन जवळजवळ नसतंच. रंगीत टाइल्स सुंदर असतात, पण दोन घेतल्या की किलो. इथे पणजीत मिळतात, इथेच घ्या.

पर्वरीची_पाऊसवेडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, आता हिशेब देते.

बार्सिलोनाच्या विमानाचं तिकीट उघडून बघितलं: ४०-३०-२० च आहे. सासूबाईंच्या एका बॅगेचे पैसे आत्ताच भरले. आम्ही दोघं पाठपिशवीवर. माझे वरचे चार, खालचे दोन, पोहण्याचे दोन, जॅकेट अंगावर. पिशवी हुकाच्या काट्यावर ५.८ भरली. नवऱ्याची ६.९, कारण त्याने कॅमेऱ्याच्या दोन लेन्स घातल्यात आणि त्या 'कपड्यांत धरायच्या नाहीत' म्हणतोय. फतवा काढणाऱ्याचीच पिशवी सर्वांत जड.

साड्या तीनवर आल्या. चौथी त्यांनी आपल्या पर्समध्ये कोंबलीय, मला दिसली नाही असं मी ठरवलंय. बूट घालून गॅलरीत चालून बघितलं त्यांनी, 'बरे आहेत' म्हणाल्या.

सुंगटं भाजून पाव किलो, दोन पाकिटं. फक्त एक प्रश्न राहिला. ती कुणाच्या पिशवीत?

खारा_वारा

लेन्सवाल्याच्या.

लिस्बनात_सध्या

लेन्सवाल्याच्याच. आणि आल्फामाला येताना टॅक्सीवाल्याला घराचा नंबर सांगू नका, जवळच्या चौकाचं नाव सांगा. तिथून वर पायीच यायचंय. घरमालकाला आधी विचारून ठेवा, चढ कमी कुठल्या बाजूने आहे.